ओन्सेन : जपानमधील ऊन पाण्याची कुंडे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला काहीतरी प्रवासाचे सांगा, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. मी जपानात लेकीकडे तीन महिने राहून आले, हे एव्हाना साऱ्या आळीला ठाऊक झालेले आहे. तेथील चेरीचा बहर, फुजी पर्वत आणि वेगवान आगगाड्या यांबद्दल आपण सर्वजणींनी पुष्कळ वाचलेले व पाहिलेले आहे. त्यावर मी नव्याने काय सांगणार? म्हणून आज मी एका अगदी घरगुती विषयावर बोलणार आहे. तो विषय म्हणजे आंघोळ. हसू नका! दिवाणखाना पाहुण्यांसाठी सजवलेला असतो. घर खरे कसे आहे ते मोरीत आणि न्हाणीघरात कळते. देशाचेही तसेच आहे, असे मला तेथे वाटले.

जपानी भाषेत ओन्सेन म्हणजे जमिनीतून येणारे ऊन पाणी, आणि त्या पाण्याभोवती वसलेले गावसुद्धा. कोकणात आपण ज्याला उन्हाळे म्हणतो, किंवा वज्रेश्वरी-गणेशपुरीला जी कुंडे आहेत, त्याच जातीची ही गोष्ट. मात्र जपानात ती सर्वत्र आहे. त्या देशात जागृत म्हणून गणलेले ज्वालामुखीच १११ आहेत. पावसाचे आणि बर्फाचे पाणी जमिनीत खोल मुरते, पोटातल्या उष्णतेने तापते, वाटेतल्या खडकांतले क्षार विरघळवून घेते आणि पुन्हा वर येते. कोठे त्याला गंधकाचा वास, कोठे लोहाचा तांबूस रंग. आरिमा नावाच्या प्राचीन गावी तर गंजाच्या रंगाचे पाणी आहे आणि तेथील लोक त्याला कौतुकाने सोन्याचे पाणी म्हणतात. मुक्कामाची सोय असलेली अशी सुमारे २,९०० ठिकाणे आहेत आणि उगम मोजले तर २७ हजारांच्या वर जातात. कोणत्या पाण्याला ओन्सेन म्हणावे यासाठी १९४८ साली कायदा झाला. उगमापाशी पाणी २५ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक ऊन असावे, नाहीतर ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी त्यात पुरेसा असावा.

मात्सुयामा शहरातले दोगो हे फार जुने ओन्सेन. पाय दुखावलेला एक बगळा तेथील पाण्यात रोज पाय बुडवी आणि बरा होऊन उडून गेला, तेव्हा लोकांना त्या पाण्याचा गुण कळला, अशी तेथली आख्यायिका आहे. आजची तीन मजली लाकडी इमारत १८९४ सालची. अनेक वर्षे चाललेली तिची डागडुजी २०२४ साली पुरी झाली. तेथेच १८९९ साली राजघराण्यासाठी बांधलेले वेगळे स्नानगृहही आहे. ते ध्यानात ठेवा, कारण पाणी एक असले तरी दारे निराळी असू शकतात.

आता स्नानाची रीत सांगते, कारण तीच मला सर्वांत अधिक आवडली.

दारावर कापडी पडदा असतो. बायकांच्या दारावर बहुधा लाल, पुरुषांच्या दारावर निळा. आत गेल्यावर एका खोलीत सगळे कपडे काढून टोपलीत ठेवायचे. सगळे म्हणजे सगळे. अंगावर काही राहत नाही, हातात फक्त एक लहानसा पंचा. पुढच्या दालनात भिंतीशी ओळीने नळ असतात आणि प्रत्येक नळापुढे एक बुटके स्टूल व पाणी घ्यायचे लहान पात्र. तेथे बसून साबण लावून, अंग चोळून नखशिखांत स्वच्छ व्हायचे, फेसाचा थेंब अंगावर उरू द्यायचा नाही. आपले स्टूल धुऊन, मागच्या बाईसाठी जागेवर ठेवायचे. केस वर बांधायचे. आणि मग हळूच कुंडात उतरायचे. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. बहुतेकजणी तो घडी करून डोक्यावर ठेवतात.

म्हणजे आपल्या उलट! आपण अंग स्वच्छ करण्यासाठी पाण्याकडे जातो, त्या आधी स्वच्छ होतात आणि मग पाण्याकडे जातात. कुंड धुण्यासाठी नसतेच. ते निवांत बसण्यासाठी असते. त्या एका पाण्यात दिवसभरात कितीतरी बायका येऊन बसतात, तरी पाणी नितळ राहते, कारण प्रत्येकजण आपला मळ दाराशीच सोडून येते. पहारेकरी कोणी नाही. पाहणाऱ्या असतात त्या आपल्यासारख्याच बायका.

आपल्यापैकी कोणी जाणार असेल तर दोन सूचना. पाणी साधारण ४० ते ४२ अंश असते, कोठे त्याहूनही कढत. पहिल्या खेपेस पाचदहा मिनिटे पुरेत. जेवणावर लगेच किंवा उपाशीपोटी जाऊ नये. हृदयविकार वा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि उठताना सावकाश उठावे, कारण भोवळ येते. गर्भवतींनी ओन्सेन टाळावे अशी पूर्वी सरकारी सूचना असे, ती २०१४ साली काढून टाकण्यात आली. तरी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतलेला बरा. स्नानानंतर युकाता नावाचा सुती झगा घालतात. त्याची डावी बाजू उजवीवर यावी लागते. उजवी बाजू डावीवर फक्त मृताला नेसवताना घेतात. लेकीने मला हे घाईघाईने सांगितले, म्हणून मी जिवंतांच्या रांगेत राहिले!

आता मूळ अडचणीकडे येते. परक्या बायकांपुढे विवस्त्र व्हायचे कसे? आपली लहानपणापासूनची सवय अशी, की बहिणीपुढेही पदर सावरायचा. लेकीने सांगितले, "आई, तुझ्याकडे कोणी बघणार नाही." मला ते खरे वाटेना. पण ते खरे निघाले. मी पाहिले ते असे : ऐंशीच्या घरातल्या, पाठीला बाक आलेल्या आज्या. पोटावर बाळंतपणाचे वळ असलेल्या लेकुरवाळ्या. आईच्या खांद्याला बिलगलेली तान्ही मुलगी. गुडघ्यावर शस्त्रक्रियेचा लांब व्रण असलेली एक बाई. कोणी पोट आत ओढीत नव्हते, कोणी काही झाकीत नव्हते. कोणाचा नवरा साहेब आणि कोणाचा हमाल, हे कळायला काही मार्ग नव्हता. लुगडे नाही, दागिना नाही, घड्याळ नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आमचे यजमान जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. इकडे चारचौघींत बसले की समोरचीची नजर आधी कपाळावर, मग गळ्यावर आणि मग हातांवर जाते. वाईट हेतूने नव्हे, सवयीने. त्या कुंडात सगळ्यांचीच कपाळे मोकळी, सगळ्यांचेच गळे रिकामे. शेजारच्या आजीबाईंनी मला पाणी कढत तर नाही ना असे खुणेने विचारले, मी मान हलवली, आणि आम्ही दोघी बाहेरच्या पावसाकडे पाहत बसलो. वर्षभरात इतकी मोकळी मी कोठे बसले नव्हते.

जपानी माणसे म्हणतात की कपड्यांबरोबर मोठेपणाही टोपलीत राहतो. हे ऐकायला फार गोड आहे. पण भगिनींनो, गोड गोष्टीची दुसरी बाजू न सांगता मी खाली बसले तर ते बरे होणार नाही. कुंडात सगळ्या सारख्या हे खरे, पण दारातून आत येऊ दिले तर!

बऱ्याच ओन्सेनच्या दारावर पाटी असते की अंगावर गोंदलेले असेल त्यांना प्रवेश नाही. तेथील गुंडांच्या टोळ्यांत अंगभर गोंदवून घेण्याची चाल आहे, त्या भीतीतून हा नियम आला. पण नियम एकदा पाटीवर चढला की तो माणूस पाहत नाही. २०१३ साली होक्काइदो बेटावर न्यूझीलंडची एक माओरी बाई ओन्सेनला गेली. तिच्या चेहऱ्यावर गोंदण होते. आपल्या आज्यापणज्यांच्या कपाळावर आणि हातावर असे तसे, कुळाचे आणि मानाचे. ती बाई आली होती मूळ रहिवाशांच्या भाषांविषयीच्या सभेसाठी. तिला दारातून परत पाठवले. पुढे २०१५ साली सरकारच्या पर्यटन खात्याने चौकशी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्या सुमारे ६०० ठिकाणांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी गोंदणाला मनाईच असल्याचे दिसले. काही ठिकाणी आता ते झाकून आत येऊ देतात.

याहून जुनी आणि याहून दुःखाची गोष्ट कुष्ठरोग्यांची आहे. ती सांगण्यापूर्वी एक कथा सांगते.

आठव्या शतकात जपानात कोम्यो नावाची सम्राज्ञी होऊन गेली. बुद्धावर तिची मोठी श्रद्धा. गोरगरिबांसाठी तिने ७३० साली फुकट औषधे देणारे दवाखाने काढले. तिच्याबद्दलची आख्यायिका अशी की तिने एक स्नानगृह बांधले आणि एक हजार माणसांना आपल्या हाताने न्हाऊ घालण्याचे व्रत घेतले. नऊशे नव्व्याण्णव झाली. हजारावा आला तो महारोगी, अंगभर जखमा वाहणारा. तो म्हणाला, या जखमांतला पू तोंडाने शोषून काढशील तर मी बरा होईन. सम्राज्ञीने तेही केले. तेव्हा त्याच्या अंगातून तेज फाकले आणि तो स्वतः अक्षोभ्य बुद्ध असल्याचे प्रकट झाले. नारा शहरातील होक्केजी या भिक्षुणींच्या मठात त्या कथेची आठवण म्हणून वाफेचे जुने स्नानगृह आजही दाखवतात. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरणारा देव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही.

पण कथेतले पुण्य गावात उतरतेच असे नाही. कुसात्सु हे डोंगरातले प्रसिद्ध ओन्सेन. त्याचे पाणी लिंबाच्या रसाच्या तोडीचे आंबट आणि इतके कढत, की त्यात गार पाणी न मिसळता बायका लांब फळ्यांनी ते घुसळून निववतात आणि घुसळताना तालावर गाणी म्हणतात. आज प्रवाशांपुढे तो कार्यक्रम होतो, मी तो पाहिला. त्या पाण्याने त्वचेचे रोग बरे होतात अशी ख्याती असल्यामुळे शेकडो कुष्ठरोगी तेथे येऊन राहत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना गावाच्या खालच्या अंगाला युनोसावा नावाच्या वेगळ्या वस्तीत हलवण्यात आले. तेथे ती माणसे स्वतःच्या सराया चालवीत, लग्ने करीत, आपला कारभार आपण पाहत. १९१६ साली मेरी कॉर्नवॉल ली ही इंग्रज मिशनरी बाई साठीच्या उंबरठ्यावर असताना तेथे येऊन राहिली. हात्तोरी केसा ही जपानी स्त्री डॉक्टर आणि मिकामी चियो ही परिचारिका यांच्या साहाय्याने तिने रोग्यांची शुश्रूषा केली, मुलांसाठी शाळा काढली. आपण स्त्रियांनी ही तीन नावे लक्षात ठेवावीत.

पुढे सरकारने कायद्याने या रोग्यांना समाजापासून तोडले. १९३२ साली कुसात्सुजवळ सरकारी कुष्ठधाम झाले, १९४१ साली युनोसावा वस्ती मोडली. त्या कुष्ठधामात १९३८ ते १९४७ या काळात शिक्षेच्या कोठड्या होत्या. तेथल्या बर्फाळ थंडीत उबेविना ९३ माणसांना कोंडले गेले, त्यांतली २३ दगावली. दुसऱ्या महायुद्धानंतर औषधे आली आणि रोग बरा होऊ लागला. कुष्ठरोग बरा केला तो औषधांनी, ऊन पाण्याने नव्हे, हेही सांगितले पाहिजे. तरी सक्तीच्या अलगपणाचा कायदा रद्द व्हायला १९९६ साल उजाडले. २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला दोषी ठरवले आणि सरकारने तो निकाल मानला.

तुम्ही म्हणाल, चला, संपले. संपले नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये त्याच कुमामोतो प्रांतात, कुरोकावा या ओन्सेनच्या गावी, एका हॉटेलने कुष्ठधामातल्या वीसेक पाहुण्यांना जागा नाकारली. ती माणसे केव्हाच बरी झालेली, वयोवृद्ध. प्रांत सरकारनेच त्यांची सहल ठरवली होती. दुसऱ्या पाहुण्यांना आवडणार नाही, हे कारण. पुढे हॉटेलने माफी मागितली, पण ती मनापासूनची न वाटल्याने रहिवाशांनी स्वीकारली नाही. तेव्हा देशभरातून शिव्यांची पत्रे आली ती हॉटेलला नव्हे, त्या वृद्धांना! उपकार मानायचे सोडून हक्क सांगता, असा त्यांचा सूर होता. पुढच्या वर्षी ते हॉटेल बंद पडले. पण ज्यांना एकदा त्या पाण्यात बसायचे होते, त्यांचा अपमान त्यामुळे भरून निघाला असे मला वाटत नाही.

आता एक चांगली गोष्ट सांगते, कारण ती आपल्यासारख्या बायकांनीच घडवलेली आहे. जपानात आयुष्यात सुमारे नवांपैकी एका स्त्रीला स्तनांचा कर्करोग होतो. शस्त्रक्रिया झालेल्या कितीतरीजणी ओन्सेनला जायच्या बंद झाल्या. त्यांना कोणी पाटी लावून अडवले नव्हते. लोक काय पाहतील, याच पाटीने अडवले. मग अशा स्त्रियांसाठी छातीवरून घालायचे, पाण्यात चालणारे खास वस्त्र निघाले. कुंडात कापड नको हा तेथला पक्का नियम. तरी या वस्त्राने पाणी अस्वच्छ होत नाही, सबब त्याला हरकत घेऊ नका, असे सरकारही आता सांगते. २०१२ साली तर सरायांनी एकत्र येऊन अशा पाहुण्यांचे स्वागत करणारी एक साखळीच उभी केली. नळांच्या मधे आडोसे, कपडे काढण्याच्या खोलीत एखादा पडदा, एवढ्यानेच काम होते. आणि वस्त्र न घालता, व्रणासह, तशीच कुंडात येणारी बाईही असते. तिच्याकडे बघत न राहणे एवढेच बाकीच्यांनी करायचे.

भगिनींनो, या सगळ्यावर मी परतीच्या विमानात पुष्कळ विचार केला, आणि मला एवढेच उमगले. ओन्सेनच्या दारात दोन प्रकारचे नियम आहेत. पहिला म्हणतो, आत येण्याआधी अंग धू, स्टूल स्वच्छ करून ठेव, पंचा पाण्यात बुडवू नको. हा नियम तू काय करतेस ते पाहतो. तो राणीला आणि मोलकरणीला सारखाच लागू आहे आणि तो कोणालाही पाळता येतो. दुसरा म्हणतो, तुझ्या तोंडावर गोंदण आहे, तुझी बोटे झडलेली आहेत, तू येऊ नको. हा नियम तू कोण आहेस ते पाहतो. तो पाळायचा कसा? त्या बाईच्या हातात त्यावर काहीच इलाज नाही. पहिल्या नियमाने पाणी नितळ राहते. दुसऱ्याने पाणी तसूभरही स्वच्छ होत नाही, फक्त एक माणूस बाहेर थंडीत उभे राहते.

परदेशाच्या दारातला दोष दाखवून घरी यायचे आणि आपल्या दाराकडे पाहायचे नाही, हे मला पटत नाही. आपल्या मंडळाचे नियम चांगले आहेत. वेळेवर या, वर्गणी भरा, पातेली घासून जागेवर ठेवा. हे पहिल्या जातीचे नियम झाले. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी करताना काही घरे वगळली जातात. कोणी मुद्दाम खोडीत नाही, हात आपोआप पुढच्या घरावर जातो. गेल्या संक्रांतीला मी खिडकीतून तुमच्या साड्या पाहिल्या. सुंदर होत्या. मला राग आला नाही, कारण ही यादी मीही तीस वर्षे आईने आणि सासूबाईंनी घालून दिलेल्या वळणानेच पाहत आले आहे. आज या आळीत माझ्यासारख्या सातजणी आहेत. त्यांच्यातल्या दोघी अजून चाळिशीच्या आत आहेत.

हे काही मी नवीन सांगते आहे असे नाही. मे २०२२ मध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या मृत्यूनंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका खेड्याला जे जमले ते आपल्या मंडळाला न जमण्याचे कारण नाही.

माझे मागणे लहान आहे. येत्या संक्रांतीला यादी करताना आळीतली सगळी घरे लिहावीत. ज्यांना कुंकू लावून घ्यायचे असेल त्या घेतील, ज्यांना नको असेल त्या नुसता तिळगूळ घेतील. कोणी कोणाच्या कपाळाकडे बघत राहू नये, म्हणजे झाले. हा ठराव आजच्या सभेत मांडावा अशी अध्यक्षबाईंना माझी विनंती आहे, आणि सूचक म्हणून माझे नाव लिहून घ्यावे.